हवेची वाट : बेसमेंटमधल्या बाथरूमच्या नोंदी

शनिवार, 13 एप्रिल 2024

डेट्रॉइटच्या उत्तरेला, ओकलंड काउंटीतलं आमचं घर 1927 सालचं. विटांचं, तळमजला आणि वर एक मजला, खाली साडेसात फुटी बेसमेंट. बाथरूम अख्ख्या घरात एकच, तेही वरच्या मजल्यावर. पाहुणे बेसमेंटात झोपतात आणि रात्री उठायची वेळ आली की दोन जिने चढून वर येतात. महिनाअखेरीस सांगलीहून अण्णा आणि आई येताहेत. सप्टेंबरात गणपतीला घर भरेल. 7 सप्टेंबरच्या आत खाली बाथरूम उभं करायचं, असं मंगळवारी पाडव्याला ठरलं. आजपासून नोंदी.

पहिलं काम म्हणून घराचा आवाज ऐकला. खाली कपडे धुण्याचा जुना सिमेंटचा टब आहे. वर कोणी फ्लश केलं की हा टब गुडगुडतो, आणि पावसाळी दिवसांत त्याच्याजवळ गटाराचा वास येतो. इतकी वर्षं आम्ही टबात बादलीभर पाणी ओतून वास घालवत आलो. आज बायको वर थांबली, मी खाली विजेरी घेऊन. उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती कोरी काडी टबाच्या जाळीतून ट्रॅपात, म्हणजे टबाखालच्या वाकड्या पाइपात, बुडवली आणि पाण्याची खूण पाहिली : तीन इंच. तिने वर फ्लश केलं. पाणी थरथरलं, खाली ओढलं गेलं, दोन मोठे बुडबुडे आले. काडी परत बुडवली : दोन इंच. तिसऱ्या फ्लशनंतर जेमतेम सव्वा.

म्हणजे वास का येतो ते कळलं. ट्रॅपमधलं पाणी हेच गटाराच्या हवेला अडवणारं दार. कोडप्रमाणे, म्हणजे इथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे, ते दोन ते चार इंच खोल असायला हवं. वरून स्टॅकमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य उभ्या पाइपात, पाणी कोसळतं तेव्हा ते पाइपातली हवा सोबत ओढतं, मागे पोकळी होते. ती भरायला हवा जवळ मिळाली नाही तर हा टब आपल्या ट्रॅपमधून हवा देतो, आणि हवेबरोबर पाणीही जातं. टबाचा ट्रॅप आहे एस आकाराचा, सरळ फरशीत उतरणारा, व्हेंट म्हणजे हवेचा पाइप नसलेला. आजचा कोड असा ट्रॅप बसवू देत नाही.

नव्या बाथरूममध्ये तीन ट्रॅप येणार. तिघांनाही हवा कुठून द्यायची, हे आधी ठरायला हवं.

शनिवार, 20 एप्रिल

कॅमेरा घालून गटाराची लाइन पाहिली. स्टॅक चार इंची, बिडाचा. खाली कोब्यात उतरून रस्त्याच्या दिशेने वळतो. घराबाहेर भाजक्या मातीचे पाइप सुरू होतात. दोन सांध्यांत झाडाची मुळं होती, ती कापून घेतली. बिडाचा भाग आतून गंजलेला, खरबरीत, पण ढाळ सलग आहे, कुठेही पाणी साचलेलं दिसलं नाही.

आजचा महत्त्वाचा आकडा : स्टॅकजवळ पाइपाची वरची कड कोब्याच्या वरच्या पातळीपासून 14 इंच खाली. म्हणजे बाथरूमचं पाणी आपल्या ढाळाने जाईल. बऱ्याच जुन्या घरांत लाइन बेसमेंटच्या भिंतीतून, कोब्याच्या वरून बाहेर पडते. तिथे खड्डा, टाकी आणि मैला उपसणारा पंप लागतो, आणि त्या टाकीला स्वतःचा उघड्यावर जाणारा व्हेंट लागतो. आमचा तो खर्च आणि ती काळजी वाचली.

रविवार, 5 मे

अण्णा-आई येऊन आठवडा झाला. अण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. ढाळ, पातळी, चेंबर हे आयुष्यभर केलेलं. मी कागदावर आराखडा दाखवला. सगळं पाहून झाल्यावर ते म्हणाले, "पाणी जायची वाट दाखवलीस. हवा कुठनं यायची?"

मी म्हटलं, "अण्णा, तेच ठरत नाहीये."

मग त्यांनी तेलाच्या डब्याची गोष्ट काढली. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात, थांबत थांबत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार लागते. त्या दुसऱ्या भोकातून तेलाचा थेंबही जात नाही, पण त्याच्याशिवाय काम होत नाही. आमच्या घरात आजी खिळा आणि बत्ता घेऊन दोन भोकं पाडायची, ते मला स्वच्छ आठवलं. व्हेंटचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

सांगलीच्या घरी हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथे संडासाचा पाइप वेगळा आणि न्हाणीचं, मोरीचं पाणी वेगळं. मोरीचं पाणी बाहेर गली ट्रॅपच्या जाळीवर उघड्यावर पडतं, त्यामुळे त्याला हवा आपोआप मिळते. संडासाच्या पाइपाला गच्चीच्या वर नेलेला, टोपी आणि जाळी लावलेला व्हेंट असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. इथे सगळं पाणी एकाच बंद पाइपात जातं. बंद पाइपात प्रत्येक ट्रॅपला हवा द्यायची म्हणजे ती भिंतीच्या आतून, मापात न्यावी लागते.

शनिवार, 11 मे

आजचा दिवस वाट शोधण्यात गेला. तीन वाटा पाहिल्या.

पहिली सोपी दिसते आणि चुकीची आहे : बेसमेंटच्या छताजवळ जुन्या स्टॅकलाच व्हेंट जोडायचा. स्टॅक वर छपराबाहेर उघडा आहे, मग अडचण काय? अडचण अशी की वरच्या बाथरूमचं पाणी त्याच स्टॅकमधून खाली येतं. जोड त्याच्या खाली दिला तर वरचा फ्लश माझ्या व्हेंटच्या तोंडावरून जाईल. हवा द्यायच्या जागी तो हवा ओढेल किंवा आत ढकलेल. जोड वरच्या बाथरूमच्याही वरच हवा : तिथल्या सर्वांत उंच बेसिनची कड, तिच्यापासून किमान सहा इंच वर. आमच्या घरात याचा अर्थ माळ्यावर.

दुसरी वाट, बाहेरच्या भिंतीवरून पाइप वर नेणं. व्हेंटमधली हवा दमट असते. मिशिगनच्या जानेवारीत उघड्या पाइपात तिचं बर्फ होतं आणि पाइप आतून बुजत जातो. ही वाट सोडली.

तिसरा पर्याय झडपेचा. पाइपात पोकळी झाली की हवा आत घेते आणि एरवी बंद राहते अशी ही झडप 1970च्या दशकात स्वीडनमधून आली. बेसिनखाली बसते, अर्ध्या तासाचं काम. मिशिगनचा निवासी कोड आयआरसी या नमुना कोडवर बेतला आहे, त्यात ती काही अटींवर चालते : हात पोचेल अशी जागा हवी, आणि इमारतीचा किमान एक व्हेंट उघड्यावर गेलेला हवा. पण ही झडप हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. बेसमेंट असतं स्टॅकच्या पायथ्याशी, आणि तिथे वरून येणाऱ्या पाण्यापुढे हवा दाबली जाते. दाबलेल्या हवेला बाहेरची वाट नसेल तर ती ट्रॅपमधलं पाणी वर ढकलते. शिवाय झडपेतलं रबर कधीतरी चिकटतं किंवा फाटतं. भिंत, फरशी आणि शॉवर बांधून झाल्यावर वीस वर्षं विसरता येईल अशी गोष्ट मला हवी आहे. ज्यांना दुसरी वाटच नाही त्यांनी झडप जरूर लावावी. माझ्याकडे वाट आहे का, ते आधी पाहायचं होतं.

ती सापडली कपडे टाकायच्या शूटमध्ये. या काळातल्या घरांत वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या बाहेर भिंतीत एक दार असतं. मळके कपडे टाकले की थेट बेसमेंटात, टबाजवळ पडतात. आमची शूट बारा इंची चौकोनी, पत्रा लावलेली. वरून अण्णांनी ओळंबा सोडला, मी खाली पाहिलं. वीस फुटांत अर्ध्या इंचाचाही फरक नाही. वरच्या दारापासून माळ्यापर्यंत फक्त छताची लाकडी पट्टी आणि गिलावा मध्ये. माळ्यावरून नऊ फुटांवर जुन्या स्टॅकचा व्हेंट.

शूट लेकीची लाडकी. तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटचा मोजा टाकला आणि खाली जाऊन स्वतः उचलून आणला.

यावरून बाथरूमची जागा बदलली. आधी ते मी खिडकीखाली, उजेडात काढलं होतं. आता बेसिनची भिंत शूटच्या शेजारी, तीन फुटांवर.

सोमवार, 20 मे

परवाना मिळाला. मिशिगनमध्ये स्वतः राहत असलेल्या घराचं प्लंबिंग घरमालक स्वतः करू शकतो, परवाना आणि तपासण्या मात्र चुकत नाहीत. तपासण्या तीन : जमिनीखालची, भिंत झाकण्याआधीची आणि शेवटची. आराखड्यात फक्त पाणी आणि हवा काढली, निळी आणि लाल शाई. निरीक्षकाने लाल रेघेवर बोट ठेवून माळ्यापर्यंत नेलं आणि मान हलवली.

शनिवार 25 ते सोमवार 27 मे

मेमोरियल डेची जोडून सुट्टी, कोबा फोडला. पाण्याच्या धारेखाली चालणाऱ्या करवतीने आधी रेघा कापल्या, म्हणजे सिलिकाची धूळ उडत नाही. तरी मास्क होतेच. मग हातोडा यंत्र. कोबा साडेतीन इंच, आत सळई नाही. चर 13 फूट लांब, दीड फूट रुंद. तुकडे बादल्यांतून जिन्याने वर, सत्तेचाळीस फेऱ्या. माती निळसर चिकण, ओली. आई वरून दर तासाला ताक पाठवत होती.

शनिवार, 8 जून

या नोंदीत सगळी मापं लिहून ठेवतो, पुढे कोणाला भिंत उघडावी लागली तर उपयोगी पडतील.

तिन्ही ट्रॅपना वेगवेगळा व्हेंट द्यायची गरज नाही. एका बाथरूमपुरती ओल्या व्हेंटची सोय आहे : बेसिनचा पाइप पाणीही नेतो आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना हवाही देतो. मात्र क्रम आणि माप सांभाळायचं. बेसिन सगळ्यांत वर, चढाच्या बाजूला. त्याचा दोन इंची पाइप भिंतीतून खाली उतरतो आणि कोब्याखाली आडवा होतो. वाटेत शॉवर येऊन मिळतो. शेवटी तीन इंची पाइप लागतो आणि तिथे कमोड. कोड प्रत्येक वस्तूला भार देतो : बेसिन 1, शॉवर 2, कमोड 3. दोन इंची ओला व्हेंट 4 पर्यंत पुरतो. बेसिन आणि शॉवर मिळून 3, म्हणजे दोन इंची चालला. टबाचं पाणी या वाटेत आणता येत नाही, ही सोय फक्त बाथरूमच्या वस्तूंपुरती.

शॉवरचा ट्रॅप ते ओला व्हेंट, अंतर पाच फूट. दोन इंची पाइपाला आठ फुटांची मर्यादा. ही मर्यादा कशासाठी, ते अण्णांना चटकन कळलं. ढाळ फुटाला पाव इंच. आठ फुटांत दोन इंच, म्हणजे पाइपाच्या व्यासाइतका उतार. त्याहून लांब गेलं तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जातं, आणि पूर्ण भरून वाहणारं पाणी ट्रॅपमधलंही सोबत नेतं. ढाळ जास्त दिला तरी तेच होतं. "जास्त उतार म्हणजे चांगलं काम असं गवंडी समजतो," अण्णा म्हणाले. आम्ही लेव्हल पाइपात रंगीत पाणी भरून दर दोन फुटांवर माप घेतलं आणि पाइपाखाली सलग वाळू दाबली.

बिडाची लाइन साखळीच्या कटरने कापली. कापण्याआधी स्टॅकला पट्टा आवळून तुळयांवर टेकू दिला, कारण वर उभा असलेला बिडाचा भार दोनशे पौंडांच्या वर जातो. जुना सांधा शिसं आणि तागाचा, त्याला हात लावला नाही. मधला तुकडा काढून तिथे पीव्हीसीचा वाय, म्हणजे Y आकाराचा जोड, बसवला, दोन्हीकडे स्टीलच्या पट्ट्याचे रबरी जोड. त्या दिवशी पाच तास घरात पाणी बंद.

वायच्या आधी, फक्त बेसमेंटच्या फांदीवर, उलट पाणी अडवणारी झडप. तिचं झाकण फरशीच्या पातळीला, हाताने उघडेल असं. जून 2021 च्या पावसात डेट्रॉइटच्या कितीतरी बेसमेंटांत गटाराचं पाणी उलटं आलं, आमच्याकडेही फ्लोअर ड्रेनमधून चार इंच चढलं होतं. त्याआधी ऑगस्ट 2014 मध्येही शहराने हे भोगलंय. अण्णांनी हेच ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत पाहिलं : कृष्णेचं पाणी रस्त्यावरून दारात यायच्या आधी नहाणी ट्रॅपमधून वर आलं. वरच्या बाथरूमचं पाणी या झडपेतून नेलेलं नाही. नेलं असतं तर झडप मिटलेली असताना वर कोणी फ्लश केल्यावर ते पाणी बेसमेंटातच उसळलं असतं. फ्लोअर ड्रेनला वेगळी, तरंगत्या चेंडूची झडप बसवली.

शुक्रवार, 14 जून

जमिनीखालची तपासणी. चरातले पाइप खालून बुजवून बेसिनच्या उभ्या पाइपात तुळयांपर्यंत पाणी भरलं, आठ फुटांचा स्तंभ. तळाशी चौरस इंचाला साडेतीन पौंडांच्या आसपास दाब. पंधरा मिनिटं पातळी हलता कामा नये.

निरीक्षक यायच्या आधी मी घरीच चाचणी घेतली तेव्हा पातळी अर्धा इंच उतरली. सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून पाहिले, कुठेही ओल नव्हती. मग पाइपावर हलकेच थापा मारल्या आणि वर बुडबुडे आले. शॉवरच्या ट्रॅपमागे हवा अडकली होती. पाणी परत भरलं, तासभर ठेवलं, पातळी जागच्या जागी. निरीक्षकासमोरही तशीच. पास.

शनिवार, 22 जून

चर बुजवला, वाळू, वर जाड प्लास्टिक, मग काँक्रीट. 80 पौंडी 12 पोती. शॉवरच्या ट्रॅपभोवती एक फुटी चौकोन मोकळा ठेवला. थापी अण्णांच्या हातात होती. जुना आणि नवा कोबा हात फिरवून ओळखता येत नाही.

गुरुवार 4 ते शनिवार 6 जुलै

शूटमधून दोन इंची पाइप चढवला. दहा दहा फुटांचे तुकडे बेसमेंटातून वर ढकलायचे, मी खाली, बायको तळमजल्याच्या दारात, अण्णा वर. जांभळा प्रायमर, मग सिमेंट, पाव वळसा देऊन तीस सेकंद धरून ठेवायचं. धरून ठेवलं नाही तर सांधा स्वतःहून मागे सरकतो.

दीड इंची पाइप कोडला पुरला असता. व्हेंट निचऱ्याच्या निम्म्या मापाचा लागतो आणि आमचा सगळ्यांत मोठा निचरा तीन इंची. पण व्हेंटची एकूण लांबी चाळीस फुटांच्या वर गेली की एक माप वाढवावं लागतं. आमची भरते छत्तीस. इतक्या काठावर थांबणं मला पटलं नाही. पाइपाच्या किमतीतला फरक म्हणजे एका वेळच्या बाहेरच्या जेवणाइतका.

शूट म्हणजे तीन पातळ्यांना जोडणारं धुराडंच. खाली आग लागली तर ज्वाळा सरळ माळ्यावर. म्हणून प्रत्येक मजल्याच्या पातळीला लाकूड बसवून पाइपाभोवतीच्या फटी आगरोधक लांबीने बंद केल्या. कपड्यांची दारं जागेवरच ठेवली, तळमजल्याच्या दारातून पाइप बघता येतो.

टबालाही न्याय दिला. एस ट्रॅप काढून पी ट्रॅप लावला आणि त्याचा स्वतःचा दीड इंची व्हेंट शूटमधल्या पाइपाला जोडला. त्याचं पाणी कमोडच्या पुढे, उलट पाण्याच्या झडपेच्या आधी सोडलं आहे. ती फांदी चर उघडा असतानाच ठेवली होती.

शनिवार, 13 जुलै

माळा. पहाटे पाचला चढलो, नऊनंतर तिथे थांबता येत नाही. इन्सुलेशन काय आहे ते एप्रिलमध्येच पाहून घेतलं होतं. कागदी लगद्याचं, करडं. सोनेरी, खड्यांसारखं चमकणारं व्हर्मिक्युलाइट असतं तर त्याला हात न लावता आधी तपासून घेतलं असतं, कारण मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून 1990 पर्यंत जे यायचं त्यात ॲस्बेस्टॉस असायचं.

जुन्या व्हेंटचा वरचा भाग छपराला लटकलेला. कापण्याआधी त्याला वासे बांधून पट्ट्यांनी आवळलं. इथे साखळीचा कटर वापरला नाही, शंभर वर्षांच्या जवळ आलेलं बीड दाबाने तडकू शकतं. हिऱ्याच्या पात्याने कापलं. पंचवीस मिनिटं लागली. वर कापल्यावर पाइपात डोकावलो : शेवटी पुरीएवढं आकाश. तळहात ठेवला तर खालून हवा येत होती, संथ, सलग, घरातल्या हवेपेक्षा गार. इतकी वर्षं हा पाइप आपलं काम करत उभा होता आणि माळ्यावरून जाताना मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

जोड बसवला. नवा पाइप शूटच्या दिशेने फुटाला पाव इंच उतरता ठेवला, म्हणजे आत जमणारं दवाचं पाणी परत खाली जाईल. छपराला नवं भोक पाडावं लागलं नाही, याचं मोठं समाधान.

गुरुवार, 18 जुलै

भिंत झाकण्याआधीची तपासणी. नापास.

चूक माझी. बेसिनचा व्हेंट शूटकडे तीन फूट आडवा न्यायचा होता. त्या भिंतीत बॉयलरचा परतीचा पाइप 40 इंचांवरून जातो, म्हणून मी व्हेंट त्याच्याखालून, 26 इंचांवर आडवा केला होता. बेसिनची कड 34 इंचांवर. कोड सांगतो की कोरडा व्हेंट त्या वस्तूच्या कडेच्या सहा इंच वर जाईपर्यंत उभाच राहिला पाहिजे. म्हणजे 40 च्या वर.

नियम मला माहीत होता. वर माळ्यावरच्या जोडाला तो काटेकोर लावला आणि खाली, हाताशी असलेल्या पाइपाला लावायचा राहिला.

निरीक्षक दहा मिनिटं थांबून कारण सांगत होता, ते इथे लिहितो. बेसिनचा निचरा तुंबला की पाणी आधी कडेपर्यंत चढतं. व्हेंटचा आडवा भाग कडेच्या खाली असेल तर ते घाण पाणी त्यात शिरतं. तुंबलेलं निघाल्यावर पाणी उतरतं, पण केस, साबणाचा साका आणि मळ तिथे बसतो. निचऱ्याचा पाइप रोजच्या पाण्याने धुतला जातो. व्हेंटमधून पाणी वाहत नाही, त्यामुळे तिथे बसलेलं कधीच निघत नाही. चार-पाच वेळा असं झालं की व्हेंट बंद, आणि बाहेरून काहीच कळत नाही. निचरा चालू राहतो, फक्त ट्रॅप रिकामे होऊ लागतात.

रविवार, 21 जुलै

आडवा भाग कापून काढला. उभा पाइप बॉयलरच्या पाइपाशेजारून वर, 46 इंचांवर आडवा, मग शूट. नऊ जोड वाया गेले. भिंतीच्या दोन उभ्या लाकडांना जास्तीची भोकं पडली होती, त्यांना शेजारी नवी लाकडं ठोकून बळकटी दिली. टबाचा जोडही मापून पाहिला, तो 44 वर होता, बरोबर.

गुरुवार, 25 जुलै

पास.

ऑगस्ट

ओल न धरणारा बोर्ड, शॉवरची फरशी, दिवा, हवा बाहेर फेकणारा पंखा. महिना यातच गेला. पंख्याचा पाइप व्हेंटला जोडायचा नसतो, तो स्वतंत्र बाहेर जातो. हे दोघांनी मला विचारलं म्हणून लिहून ठेवतो. भिंत बंद करण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत टेप मापासह. छापून शूटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले.

गुरुवार, 5 सप्टेंबर

कमोड, बेसिन, शॉवर जागेवर. शेवटची तपासणी झाली. निरीक्षक गेल्यावर आम्ही आमची तपासणी केली. उदबत्तीची तीच काडी, टबाचा ट्रॅप : तीन इंच. बायकोने वर फ्लश केलं. त्याच वेळी मी खालचा कमोड, लेकीने वरच्या बेसिनमधलं भरलेलं पाणी एकदम सोडलं. काडी : तीन इंच. परत केलं, परत तीन. आवाज नाही. अण्णा टबाशी कान लावून बसले होते, म्हणाले, "नुसतं पाणी गेल्याचं ऐकू येतंय."

रविवार, 8 सप्टेंबर

काल गणपती बसले. शनिवार-रविवार मिळून घरात सव्वीस माणसं, सात जण खाली झोपले. मोदकांची भांडी, आंघोळी, दोन्ही बाथरूम सकाळपासून सतत चालू. दुपारच्या आरतीनंतर खाली जाऊन काडी बुडवली. पावणेतीन. थोडा वेळ थांबून टबाचा नळ सोडला, परत तीन. पावणेतीन कशामुळे झालं ते पाहायला हवं, बहुधा कोणी कपडे पिळताना टब जोरात रिकामा केला. दोन इंचांच्या वर आहे, काळजी नाही, पण महिनाभर दर रविवारी माप लिहिणार.

संध्याकाळी दीड दिवसाच्या बाप्पांचं विसर्जन परसात, बादलीत. मूर्ती शाडूची, तासाभरात विरघळली. गेल्या वर्षी ते गढूळ पाणी सवयीने टबात ओतलं होतं. या वर्षी अण्णांनी बादली उचलायला हात लावला आणि आम्ही दोघांनी ती गुलाबांच्या वाफ्यात रिकामी केली.